स्वप्नांची वही

मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण आपल्याकडे बहुधा चेष्टेत वापरली जाते. रात्री कुणी झोपेत दुकानाचा हिशेब बडबडला, की सकाळी घरातले कुणीतरी ती ऐकवते आणि विषय तिथेच संपतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या एका माणसाने मात्र हा विषय अनेक वर्षे धरून ठेवला. मनात वसते तेच स्वप्नात उतरत असेल, तर मनात काय वसवायचे हे माणसाला ठरवता येईल का? दिवसा लावून घेतलेली सवय झोपेतही साथ देते का? आणि आपण स्वप्न पाहत आहोत हे स्वप्न चालू असतानाच कळू शकते का?

या माणसाचे नाव मार्क्वी एर्वे द सँ-दनी. त्या काळच्या फ्रान्समध्ये ते ओळखले जात ते चिनी भाषेचे प्राध्यापक म्हणून. झोपेचा अभ्यास करणारे मात्र आज त्यांचे नाव वेगळ्या कारणासाठी घेतात. स्वप्नात असतानाच आपण स्वप्नात आहोत याचे भान येणे, याला आज ल्युसिड ड्रीम किंवा जागृत स्वप्न म्हणतात. असे भान सवयीने आणता येते हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून, रोजच्या नोंदी ठेवून मांडले. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती, ना मेंदूच्या लहरी टिपणारे यंत्र. होती ती एक वही, पेन्सिल आणि चिकाटी.

एकट्या मुलाचा छंद

एर्वे यांचा जन्म ६ मे १८२२ रोजी पॅरिसमध्ये एका सरदार घराण्यात झाला. त्यांना शाळेत न पाठवता घरीच शिकवले गेले. अभ्यासाला सोबती नव्हते. नेमून दिलेला धडा लवकर संपायचा आणि मग बराच वेळ हाताशी उरायचा. चित्रकलेची आवड होती, तेव्हा हा वेळ चित्रे काढण्यात जायचा.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला एक विचित्र स्वप्न पडले. ते मनातून जाईना म्हणून त्याने त्याचे चित्र काढून पाहिले. चित्र गमतीदार उतरले. मग दुसऱ्या स्वप्नाचे काढले, तिसऱ्याचे काढले. काही दिवसांत स्वप्नांसाठी वेगळी वहीच झाली. प्रत्येक चित्राबरोबर ते स्वप्न कसे सुरू झाले, मध्ये काय घडले आणि कुठे तुटले, हेही तो लिहू लागला.

सुरुवातीला अडचण तीच होती, जी आज कुणालाही येते. सकाळी डोळे उघडले की स्वप्न निसटून जायचे. पहिल्या काही आठवड्यांतल्या नोंदी तुटक आहेत. एखादा चेहरा आठवतो, पण तो कुठे भेटला ते आठवत नाही. पण रोज सकाळी उठल्याबरोबर आठवायचे आणि लिहायचे हा नेम त्याने सोडला नाही. महिन्यागणिक नोंदींमधल्या फटी कमी होत गेल्या. सहा महिन्यांच्या आसपास अशी स्थिती आली, की नोंद करण्याजोगे काहीच आठवले नाही अशी सकाळ उरली नाही.

यामागचे कारण आज आपल्याला माहीत आहे. स्वप्नाची आठवण फार नाजूक असते. जाग आल्यावर लगेच दिवसाच्या कामांचा विचार सुरू झाला, तर ती काही मिनिटांत पुसली जाते. उठल्यावर थोडा वेळ तसेच पडून राहून मागचे आठवले, तर बरेच हाती लागते. मला स्वप्नेच पडत नाहीत, असे सांगणाऱ्या बहुतेकांना स्वप्ने पडतात, पण ती त्यांच्या लक्षात राहत नाहीत. त्या मुलाला मेंदूचे हे काम ठाऊक नव्हते, पण आठवण हा सरावाचा भाग आहे हे त्याने आपल्या वहीतून शोधून काढले.

हा नेम पाच वर्षांहून अधिक चालला. २२ वह्या भरल्या. त्यांत १,९४६ रात्रींची नोंद होती.

२०७वी रात्र

वही सुरू होऊन जवळजवळ सात महिने झाले होते. दिवसभर त्या मुलाच्या डोक्यात स्वप्नांचाच विषय असे. कालचे स्वप्न कुठून आले असेल, त्यात दिसलेली बाई आधी कुठे पाहिली होती, या दृश्याचे चित्र कसे काढावे, असे विचार सतत चालत. साहजिकच एका रात्री त्याला स्वप्न पडले ते स्वप्न लिहीत बसल्याचे. जागा झाल्यावर त्याला हळहळ वाटली. इतकी चांगली संधी आली होती, आपण स्वप्नात बसून स्वप्नांचीच नोंद करत होतो, आणि तरीही हे स्वप्न आहे एवढे लक्षात आले नाही!

ही हळहळ पुढचे काही दिवस त्याच्या मनात राहिली. परत असे झाले तर या वेळी ओळखायचे, असा विचार घोळत राहिला. थोड्याच दिवसांत तसलेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी मात्र तो विचारही स्वप्नात सोबत आला आणि आपण झोपलो आहोत, समोरचे सगळे स्वप्न आहे, हे त्याला स्वप्नातच स्पष्ट कळले. वहीच्या हिशेबाने ती २०७वी रात्र होती. दुसऱ्यांदा असे भान आले ते २१४व्या रात्री.

त्यानंतर हा अनुभव वाढत गेला. आणखी सहा महिन्यांनी सरासरी पाच रात्रींपैकी दोन रात्री असे भान येऊ लागले. वर्षभराने चारपैकी तीन रात्री आणि सव्वा वर्षाने जवळजवळ रोज, असे त्यांनी नोंदवले आहे. सगळ्यांनाच इतके यश मिळेल असे मुळीच नाही. आज सरावाने हे साधू पाहणाऱ्यांतही फार थोड्यांना एवढे जमते. पण यश किती मिळाले, यापेक्षा ते कोणत्या वाटेने आले हे इथे महत्त्वाचे आहे.

एर्वे यांनी झोपताना कोणतेही औषध घेतले नाही की मंत्र म्हटला नाही. त्यांनी बदलला तो दिवस. झोपेत मन काही नवीन माल आणत नाही, दिवसा भरलेल्या गोदामातूनच ते वस्तू काढते, असे त्यांचे मत होते. दिवसा ज्या गोष्टीचा विचार वारंवार होतो, ती गोष्ट रात्री वर येण्याचा संभव जास्त. त्यामुळे हे स्वप्न तर नाही ना, हा विचारच दिवसाच्या सवयीचा भाग झाला, तर तोही कधीतरी स्वप्नात उतरणार. म्हणीतले मनी वसे म्हणजे नुसती इच्छा नव्हे, रोजचा सराव, असा अर्थ त्यांच्या वहीतून निघाला.

पाठलाग करणारी भुते

स्वप्नात भान आले की पुढे काय करायचे? एर्वे यांनी तिथेही निरीक्षण सोडले नाही. स्वप्नातले दृश्य बदलायचे असेल तर ते स्वप्नातच डोळ्यांवर हात धरत आणि दुसऱ्या एखाद्या जागेचा विचार करत. पुष्कळदा हात काढल्यावर दृश्य बदललेले असे. एकदा त्यांनी ठरवले, की मरण कसे असते ते मन दाखवू शकते का पाहायचे. त्यांनी स्वप्नात उंचावरून उडी टाकली. पण पडण्याचा, आपटण्याचा अनुभव आलाच नाही. क्षणात दृश्य पालटले आणि ते एका चर्चसमोरच्या चौकात गर्दीत उभे होते. लोक मनोऱ्यावरून पडून मेलेल्या एका माणसाभोवती जमले होते. याचा त्यांनी लावलेला अर्थ साधा होता. जे आपण कधी अनुभवलेच नाही, ते स्मृती कुठून आणणार? मन मग जवळचे, माहितीतले चित्र पुढे करते.

त्यांच्या नोंदींतला सर्वांत उपयोगी भाग मात्र एका दुःस्वप्नाचा आहे. काही काळ त्यांना एकच भयानक स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असे. अक्राळविक्राळ भुते मागे लागलेली, हे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत आहेत, दार लावायला जावे तर ते नीट लागत नाही, मागून आरोळ्या येत आहेत. घामाने भिजून, धडधडत्या छातीने जाग यायची. त्या भीतीत हे स्वप्न आहे ही आठवण कधीच होत नसे.

एका रात्री पळता पळता ती आठवण झाली. त्यांनी पळणे थांबवले, भिंतीला पाठ टेकून ते उभे राहिले आणि पुढच्या भुताकडे मुद्दाम, टक लावून पाहू लागले. पहिल्या नजरेला काळजात धस्स झाले. पण पाहत राहिल्यावर ते भूत जुन्या चर्चच्या दारावर कोरलेल्या राक्षसांसारखे दिसू लागले. चित्रकाराची नजर जागी झाली. पंजे कसे आहेत, केस कसे आहेत, याचे ते निरीक्षण करू लागले. हळूहळू बाकीची भुते नाहीशी झाली, पुढच्याची हालचाल मंदावली आणि शेवटी ते सोंगाच्या कपड्यांसारखे, नुसते लोंबणारे चिंध्यांचे बोचके उरले.

दुःस्वप्न हा विनोदाचा विषय नाही. अपघात, पूर, हिंसाचार किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू पाहिलेल्या अनेकांना तेच तेच स्वप्न महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षे पडत राहते. झोपायची भीती बसते, झोप तुटते, दिवसा चिडचिड होते, कामावर परिणाम होतो. लोक हे डॉक्टरांना सांगतही नाहीत, कारण स्वप्नाची तक्रार घेऊन दवाखान्यात जायचे हेच चमत्कारिक वाटते. भीतीच्या चित्राकडे पाठ न फिरवता त्याच्याकडे पाहिले तर त्याचे बळ कमी होते, हे एर्वे यांनी एका रात्रीच्या अनुभवातून नोंदवले. आज दुःस्वप्नांच्या उपचारात त्याच्याशी नाते सांगणारी पद्धत वापरली जाते. तिच्याकडे पुढे येऊच.

रुमालावरचे अत्तर

मोठेपणी एर्वे यांनी उलट बाजूनेही प्रयोग केले. बाहेरची एखादी गोष्ट स्वप्नात ठरावीक आठवण आणू शकते का, हे त्यांना पाहायचे होते.

दक्षिण फ्रान्समधल्या विव्हारे या डोंगराळ भागात ते सुमारे पंधरा दिवस राहायला जाणार होते. निघण्यापूर्वी त्यांनी पूर्वी कधी न वापरलेल्या एका अत्तराची बाटली घेतली. तिथे पोहोचल्यावरच ती उघडली, मुक्कामभर त्या अत्तराचा रुमाल जवळ ठेवला आणि परत निघताना बाटली बंद केली. काही महिन्यांनी ती बाटली नोकराच्या हाती दिली आणि सांगितले, की कधीतरी एका सकाळी मी गाढ झोपेत असताना उशीवर याचे थोडे थेंब टाक, पण कोणत्या दिवशी ते मला सांगू नकोस. नोकराने काही दिवस जाऊ दिले. तोवरच्या स्वप्नांत विव्हारे कुठेच नव्हते. मग एका रात्री ते तिथले डोंगर आणि चेस्टनटची झाडे पाहत होते. काळ्या बेसॉल्टचा एक खडक तर इतका स्पष्ट दिसला, की त्याचे चित्र काढता आले असते. चौकशी केल्यावर कळले, की नोकराने त्याच सकाळी उशीवर अत्तर शिंपडले होते.

पुढे त्यांनी दोन वेगवेगळ्या आठवणींशी जोडलेली दोन अत्तरे एकदम वापरून पाहिली, तेव्हा एकाच स्वप्नात दोन्ही ठिकाणांची माणसे आणि जागा मिसळून आल्या. नाचाच्या समारंभांत त्यांनी वाद्यवृंदाच्या प्रमुखाशी संधान बांधून दोन स्त्रियांबरोबर प्रत्येक वेळी ठरलेल्या दोन वेगळ्या सुरांवरच नाच केला. नंतर रात्री घड्याळाला जोडलेल्या संगीतपेटीतून त्यातली एक धून वाजवली, की ती धून जिच्याशी जोडलेली ती स्त्री स्वप्नात येत असे.

ही सारी गंमत वाटेल, पण तिच्यात तथ्य आहे. २००७ मध्ये जर्मन संशोधकांनी काही लोकांना गुलाबाच्या वासात पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करायला लावल्या आणि नंतर गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला. सकाळी त्यांना त्या जागा अधिक चांगल्या आठवल्या. त्या प्रयोगाचा विषय स्वप्न नव्हता, स्मृती होता. पण वासाला बांधलेली आठवण झोपेतही हलवता येते, हे त्यातून दिसले.

बिननावाचे पुस्तक

त्या काळात फ्रान्समध्ये झोप आणि स्वप्ने या विषयावर विद्वानांत वाद होता. या क्षेत्रातले मोठे नाव आल्फ्रेड मॉरी यांचे. त्यांचे झोप आणि स्वप्नांवरचे पुस्तक १८६१ मध्ये आले. मॉरीही स्वतःवर प्रयोग करत. झोपेत कुणीतरी त्यांच्या ओठांना, नाकाला पीस लावी आणि ते काय स्वप्न पडले ते सांगत. एकदा पलंगाचा दांडा मानेवर पडला, तर त्यांना राज्यक्रांतीतला खटला आणि गिलोटिनखाली मान गेल्याचे स्वप्न पडले, ही त्यांची नोंद फार गाजली. मॉरींच्या मते स्वप्नात माणसाची इच्छाशक्ती आणि लक्ष काम करत नाहीत, मन यंत्रासारखे वाहत जाते.

एर्वे यांना हे मान्य नव्हते. आपण स्वप्नात लक्ष देऊ शकतो, निवड करू शकतो, हे त्यांनी शेकडो वेळा अनुभवले होते. १८६७ मध्ये त्यांनी स्वप्ने आणि त्यांना दिशा देण्याचे उपाय या विषयावर आपले पुस्तक काढले. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव घातले नाही. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्यात चीनच्या दालनाची जबाबदारी एर्वे यांच्याकडे होती. तांग काळातल्या चिनी कवितांचा त्यांचा फ्रेंच अनुवाद १८६२ मध्येच आला होता. विद्वान म्हणून नाव होत असताना स्वप्नांच्या पुस्तकावर ते नाव घालायला ते कचरले असतील, तर त्यात नवल नाही. पुढे १८७४ मध्ये त्यांना कॉलेज द फ्रान्समध्ये चिनी भाषेचे अध्यासन मिळाले. मॉरीही त्याच संस्थेत प्राध्यापक होते. २ नोव्हेंबर १८९२ रोजी पॅरिसमध्ये एर्वे यांचे निधन झाले.

पुस्तक फारसे पसरले नाही आणि लवकरच दुर्मीळ झाले. सिग्मंड फ्रॉइड यांनी स्वप्नांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिताना ते मिळवण्याचा प्रयत्न केला, पण त्यांनाही ते मिळाले नाही. एर्वे यांचे पुस्तक पुन्हा छापले गेले ते १९६४ मध्ये आणि त्याचा इंग्रजी अनुवाद आला १९८२ मध्ये.

पुरावा शंभर वर्षांनी

एर्वे यांच्या म्हणण्यातला मोठा कच्चा दुवा उघड होता. त्यांच्या स्वप्नाला साक्षीदार कोण? सकाळी जागा झालेला माणूस काहीही सांगू शकतो, आणि कदाचित प्रामाणिकपणे चुकतही असेल. क्षणभर जाग आली असेल आणि त्यालाच तो स्वप्नातले भान समजत असेल, ही शंका रास्त होती.

हॉलंडचे डॉक्टर आणि लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ मध्ये स्वतःच्या अशा ३५२ स्वप्नांचा अभ्यास मांडला आणि ल्युसिड ड्रीम हे नाव रूढ केले. तरी शंका राहिलीच. १९५३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी झोपेतला एक वेगळा टप्पा ओळखला. त्यात बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात, शरीराचे स्नायू ढिले पडतात आणि ठसठशीत स्वप्ने बहुधा तेव्हाच पडतात. याला रेम झोप म्हणतात. ती साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे तिचा वेळ वाढत जातो.

या टप्प्यात हातपाय हलत नाहीत, पण डोळे हलतात. इथेच युक्ती सापडली. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या जागृत स्वप्ने पडणाऱ्या माणसाशी आधीच ठरवून ठेवले, की स्वप्नात भान आले की डोळे ठरलेल्या पद्धतीने डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. यंत्रावर झोप पक्की दिसत असतानाच ती खूण उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवून दिले. एर्वे यांच्या मृत्यूनंतर ८० हून अधिक वर्षांनी त्यांच्या स्वप्नाला साक्षीदार मिळाला.

दिवसाची सवय, आजच्या भाषेत

एर्वे यांच्याकडून नकळत घडलेली गोष्ट पुढे पद्धत म्हणून मांडली गेली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोलाय यांनी सांगितले, की दिवसातून अनेकदा थांबून स्वतःला विचारायचे, मी आत्ता जागा आहे की स्वप्नात? आणि हा प्रश्न खरोखर तपासून पाहायचा. इथे कसा आलो? मघाशी काय करत होतो? पाटीवरची अक्षरे पुन्हा पाहिली तर तीच राहतात का? काहीही विचित्र दिसले, की हा प्रश्न आठवायचा. सवय पक्की झाली, की एखाद्या रात्री हाच प्रश्न स्वप्नात पडतो आणि तिथे उत्तर वेगळे येते.

मात्र नुसता प्रश्न यंत्रासारखा विचारून फारसे साधत नाही, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. ऑस्ट्रेलियात ॲडिलेड इथे झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाच्या तपासणीला दोन गोष्टींची जोड दिली होती. पाचएक तासांच्या झोपेनंतर थोडा वेळ उठायचे, आणि पुन्हा झोपताना पुढच्या स्वप्नात मी ओळखेन असा निश्चय मनात घोळवायचा. अशा एकत्र प्रयत्नात पहिल्या आठवड्यात सरासरी १७ टक्के रात्री यश आले. एर्वे यांच्या बाबतीतही नोंद, दिवसाचा विचार आणि मनात राहिलेली ती हळहळ हे तिन्ही एकत्र आले होते. त्यातले एकटे कोणतेच बहुधा पुरले नसते.

इथे सावधगिरीही हवी. रात्री गजर लावून उठणे ही सवय रोजची झाली तर झोपेचा बळी जातो. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, आणि रक्तदाब, मधुमेह, मनःस्थिती या सगळ्यांना ती हवी असते. पाळीत काम करणाऱ्यांनी, लांबच्या पल्ल्याच्या चालकांनी आणि ज्यांची झोप आधीच अपुरी आहे त्यांनी हा नाद करू नये. स्वप्न आणि सत्य यांतली रेघ ज्यांच्यासाठी आधीच धूसर होते, भास होतात, किंवा गंभीर मानसिक आजारावर उपचार चालू आहेत, अशांनी जागे आहोत की स्वप्नात असा प्रश्न दिवसभर विचारत बसणे धोक्याचे ठरू शकते. झोपेत कुणी खरोखर हातपाय झाडत असेल, ओरडत असेल, पलंगावरून पडत असेल, तर ते जागृत स्वप्न नव्हे. विशेषतः पन्नाशीनंतर असे होऊ लागले तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

वारंवार येणाऱ्या दुःस्वप्नासाठी तर स्वप्नात जागे होण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. आज वापरली जाणारी पद्धत दिवसाचीच आहे. दिवसा, शांतपणे, ते स्वप्न लिहून काढायचे. मग त्याचा शेवट किंवा हवा तो भाग आपल्या मनाप्रमाणे बदलायचा. दार लागते, पाठलाग करणारा थांबतो, कुणीतरी मदतीला येते, काहीही चालेल. हे नवे स्वप्न रोज दहा ते वीस मिनिटे डोळ्यांसमोर आणायचे. काही आठवड्यांत अनेकांची दुःस्वप्ने कमी होतात, झोप सुधारते. मोठ्या मानसिक आघातानंतरची दुःस्वप्ने असतील, तर हे मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावे, कारण त्या आठवणी एकट्याने उकरणे जड जाऊ शकते. मुख्य म्हणजे ही तक्रार डॉक्टरांना सांगावी. तिच्यावर उपाय आहे.

आणि ज्यांना केवळ कुतूहल आहे, त्यांच्यासाठी एर्वे यांच्या आयुष्यातली सुरुवातीची पायरीच पुरेशी आणि निर्धोक आहे. उशाशी एक वही आणि पेन ठेवावे. जाग आली की मोबाइलकडे हात नेण्याआधी दोन मिनिटे तसेच पडून राहावे, काय पाहिले ते आठवावे आणि दोन ओळी लिहाव्यात. पहिले काही आठवडे एखादा चेहरा, एखादी खोली, एवढेच हाती लागेल. त्या मुलाच्या वहीतही सुरुवातीला तेवढेच होते.